हॉटेल टॅक्सवर मतदान, गोव्यात का नाही?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत सॅन डिएगोला असतो. तो सांगत होता तिथे हॉटेलच्या रूमवरचा टॅक्स वाढवायचा तर आधी शहरातल्या मतदारांना विचारतात. खरं का हे? मग आपल्या पणजीत, कळंगुटला का नाही विचारत? घराच्या मागे आमच्या तीन रूम आहेत, टूरिस्टांना देतो, म्हणून विचारते.
— एक वाचक, बार्देश

उत्तर : ताई, भाचा बरोबर सांगतोय. कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये मतदारांनीच प्रपोझिशन २१८ नावाचा नियम मतदानाने पास केला, तेव्हापासून शहराला टॅक्स वाढवायचा तर मतदान घ्यावंच लागतं. पैसा जनरल खात्यात जाणार असेल तर साधं बहुमत पुरतं, पण पालिकेने ठराविक कामासाठी टॅक्स मागितला तर दोन तृतीयांश मतं लागतात.

सॅन डिएगोत तर यावरून केवढं रामायण झालं. मार्च २०२० मध्ये मेझर सी म्हणजे हॉटेल टॅक्स वाढवायचा प्रस्ताव मतदानाला आला, पैसा कन्व्हेन्शन सेंटर, बेघरांची सोय आणि रस्ते यांच्यासाठी. ६५ टक्क्यांच्या आसपास लोक हो म्हणाले, म्हणजे दोन तृतीयांशाला अगदी थोडे कमी, आणि मग कोर्टकचेऱ्या सुरू, कारण प्रस्ताव पालिकेचा नव्हता, नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेला होता, तर त्याला साधं बहुमत पुरेल का हा वाद. शेवटी पुरतं असं ठरलं पण वाढीव टॅक्स लागायला १ मे २०२५ उजाडला. आधी १०.५ टक्के होता, आता हॉटेल शहरात कुठे आहे त्यावरून ११.७५, १२.७५ किंवा १३.७५. म्हणजे २०० डॉलरच्या रूमवर पूर्वी २१ डॉलर जायचे, आता कन्व्हेन्शन सेंटरजवळ साडेसत्तावीस जातात. भरणारा पाहुणा, मत देणारा गावचा, त्यामुळे हो म्हणणं तसं सोपं, पण पैसा कशाला जाणार हे लोकांना मत द्यायच्या आधी कळलं, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे रूमवरचा टॅक्स पालिकेच्या हातातच नाही. पूर्वी राज्याचा लक्झरी टॅक्स होता, १ जुलै २०१७ ला तो जीएसटीत गेला, आता दर जीएसटी कौन्सिलमध्ये, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या बैठकीत ठरतो. सप्टेंबर २०१९ ची बैठक पणजीतच झाली, रात्रीला ७५०० रुपयांच्या वरच्या रूमचा दर २८ वरून १८ टक्के तिथेच ठरला, पणजीच्या मतदाराचा त्यात काही संबंध नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० पर्यंतच्या रूमला ५ टक्के. ३००० च्या रूमचे १५० रुपये, अर्धे केंद्राला, अर्धे राज्याला, आणि त्याच टूरिस्टाच्या बाटल्या, प्लेटी उचलायच्या पंचायतीने, तिला यातलं थेट काही नाही. मला हे मुळीच पटत नाही.

मतदान घ्यायला तसा कायदाही लागतो. १६ जानेवारी १९६७ चा आपला जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात जावा की नाही यावरचा, दोन पानं आणि फूल या चिन्हांचा, त्यासाठी सुद्धा संसदेला १९६६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला होता. टॅक्ससाठी तसा कायदा नाही.

तुमच्या तीन रूमचं म्हणाल तर सगळा धंदा मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, पण अ‍ॅपवरून बुकिंग आलं तर टॅक्स अ‍ॅपवाला लावून भरतो, म्हणून तोच पाहुणा थेट फोन करून आला तर त्याला स्वस्त पडतं.

आणि पुढच्या ग्रामसभेला जा ताई. हॉटेलांकडून कचऱ्याची फी पंचायत किती घेते, वर्षाला किती जमली, कुठे खर्च झाली, हे उभं राहून विचारा आणि उत्तर मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लावा.