एकाच सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावर तीन संकेतस्थळांना वेगवेगळी एसएसएल प्रमाणपत्रे लावता येतात का?

होय, लावता येतात. अपाची या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ४४३ या सुरक्षित जोडणीच्या पोर्टवर प्रत्येक संकेतस्थळासाठी स्वतंत्र व्हर्च्युअलहोस्ट (एका संकेतस्थळाच्या सेटिंगचा विभाग) लिहून त्यात त्याचे सर्व्हरनेम (मुख्य नाव), प्रमाणपत्राची फाइल आणि खासगी किल्लीची फाइल द्यावी, वेगळे आयपी पत्ते विकत घेण्याची गरज नाही. ही गरज पूर्वी पडत असे, कारण सुरक्षित जोडणीची बोलणी एचटीटीपी विनंतीच्या आधीच पूर्ण होतात आणि त्यामुळे कोणते प्रमाणपत्र दाखवायचे हे ठरवण्याच्या क्षणी ब्राउझरला कोणते संकेतस्थळ हवे आहे, हे सर्व्हरला ठाऊकच नसे. २००३ मधील आरएफसी ३५४६ या इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या दस्तऐवजात एसएनआय (सर्व्हर नेम इंडिकेशन) हा सुरक्षित जोडणीच्या पद्धतीचा विस्तार आला. त्यानुसार ब्राउझर आपल्या पहिल्याच संदेशात संकेतस्थळाचे नाव कळवतो. अपाचीच्या २.२.१२ आवृत्तीपासून, एसएनआय असलेल्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीसह, ही सोय मिळते. एक पथ्य मात्र पाळावे: आलेले नाव कोणत्याही सर्व्हरनेमशी किंवा सर्व्हरएलियसशी (पर्यायी नावाशी) जुळले नाही, तर त्या पोर्टवरील पहिला व्हर्च्युअलहोस्ट उत्तर देतो आणि वापरकर्त्याला भलत्याच संकेतस्थळाचे प्रमाणपत्र दिसते. अशा वेळी दोष बहुधा प्रमाणपत्रात नसतो, तर एलियसमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह असलेले नाव लिहायचे राहून गेलेले असते. विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला एसएनआय समजत नाही. तसे जुने वापरकर्ते सांभाळणे भागच असेल, तर तिन्ही नावे असलेले एकच सामाईक प्रमाणपत्र घ्यावे.