धुळ्यात पाहुण्यांना काय दाखवावे?

प्रश्न : नागपूरचे स्नेही हिवाळ्यात दोन दिवस आमच्याकडे येत आहेत. धुळ्याविषयी त्यांना काय सांगावे?

उत्तर : विनोबांनी १९३२ साली येथील तुरुंगात दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, हे आधी सांगावे. मग इतिहासाचार्य राजवाडे यांच्या १९२६ मधील निधनानंतर त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळात, आणि शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते पाहण्यासाठी वाग्देवता मंदिरात त्यांना न्यावे. घाईतल्या पाहुण्यांना मात्र (असे पाहुणे असतातच) पोथ्यांसमोर ताटकळत ठेवू नये. लळिंगचा किल्ला सकाळीच चढावा. जेवणाला हॉटेल नको; हिरव्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी घरीच करावी, तिखटाची पूर्वसूचना देऊन.