गडचिरोलीसारख्या दुर्गम, आदिवासीबहुल भागात फाउंडेशनच्या देणग्यांमुळे आरोग्य खरंच सुधारतं का?

हो, सुधारतं, पण पैसा नुसत्या शिबिरांवर न जाता गावातल्या माणसाला तयार करण्यावर आणि परिणाम मोजण्यावर खर्च झाला तरच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम पाहा. गडचिरोलीच्या ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं: बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करायचा आणि जंतुसंसर्ग दिसला तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं. हे शेवटचं काम डॉक्टरांशिवाय होऊ शकतं, यावर तेव्हा फारच थोड्यांचा विश्वास होता. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटला. या कामाला फोर्ड आणि मॅकआर्थर फाउंडेशनचं अर्थसाह्य होतं. अशी जोखीम सरकारी योजनेच्या चौकटीत सहसा घेता येत नाही. देणगीचा खरा उपयोग तिथेच होतो.

मर्यादा मात्र मोठी आहे. फाउंडेशनचा निधी मुदतीचा असतो, म्हणून सिद्ध झालेलं काम पुढे सरकारने उचलावंच लागतं. इथे ते झालं: २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देशभर सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रातली डॉक्टरची रिकामी जागा किंवा सिझेरियनच्या वेळी लागणारं रक्त यांची कायमची सोय कुठल्याही देणगीतून होत नाही.