जुन्या धुराड्यात ब्रश कुठला घालायचा?

प्रश्न: आम्ही लीड्सला राहतो, गेल्या वर्षी 1890च्या आसपासचं विटांचं घर घेतलं. हॉलमधल्या फायरप्लेसमध्ये थंडीत लाकडं जाळतो. धुराडं साफ करायला स्टीलच्या तारांचा ब्रश आणि दांड्यांचा सेट ऑनलाइन स्वस्तात मिळतोय, घेऊ का?
– एक वाचक

उत्तर: नका घेऊ, निदान स्टीलचा तरी नकोच. त्या काळच्या घरांत धुराड्याला आतून नुसता चुन्याचा गिलावा असायचा, तो इतकी वर्षं धूर खाऊन भुसभुशीत झालेला असतो, त्यावर तारा घासल्या की काजळीबरोबर गिलावाही खाली, आणि मग विटांच्या सांध्यांतून धूर अन् कार्बन मोनॉक्साइड वरच्या बेडरूममध्ये. तुम्हाला हवाय नायलॉनचा गोल ब्रश. मागच्या मालकाने आत स्टेनलेसचा लवचिक पाइप सोडला असेल तरी नायलॉनच. स्टील चालतं ते मातीच्या पक्क्या पाइपांना.

माप घ्या. अशा घरांत धुराड्याचा नळ बहुतेक 9 इंची चौकोनी असतो, ब्रश त्याहून किंचित मोठाच हवा, नाहीतर कोपरे तसेच राहतात. दांडे लवचिक घ्या कारण नळ सरळ नसतो, मध्ये बाक असतात (याच अरुंद नळांत एकेकाळी सफाईसाठी लहान पोरांना चढवायचे, 1875च्या कायद्यानंतर कुठे ते थांबलं). पेचाचे दांडे असतील तर ढकलताना, ओढताना सतत उजवीकडेच फिरवायचे, उलटे फिरवलेत की पेच सुटतो आणि ब्रश राहतो वर अडकून, मग बसा छपराकडे बघत! बटणाने लॉक होणारे मिळाले तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर मात्र अजिबात वापरू नका, बारीक काजळी फिल्टरमधून निसटून सोफ्यावर बसते. तोंडाला एफएफपी3 मास्क (बारीक धूळ अडवणारा) लावा.

आत काळा चकचकीत डांबरासारखा थर दिसला तर कुठलाच ब्रश कामाचा नाही, आणि पेटतो तो हाच थर, तेव्हा प्रोफेशनल माणूसच बोलवा. खरं तर पहिल्या वेळी बोलवाच, तो आतून कॅमेरा घालून बघेल, सर्टिफिकेटही देईल, इन्शुरन्सवाले ते मागू शकतात. पुढे लाकूड जाळताय तोवर वर्षातून दोनदा सफाई. आणि लाकडात ओलावा 20 टक्क्यांच्या आतच हवा, डांबर साठतं ते मुख्यतः ओल्या लाकडानेच, छोटं मीटर मिळतं, ब्रशच्या आधी ते घ्या.