साखळी जागेवर, कुलूपही जागेवर!

प्रश्न : आम्ही दोघे ज्येष्ठ नागरिक सांगलीहून सकाळी पुण्यात उतरू. संध्याकाळच्या झेलमने जम्मूकडे जायचंय. मधल्या वेळात तुळशीबागेत जायचं म्हणते ही. तीन बॅगा कुठे ठेवू? आणि रात्री गाडीत काय करावं?

उत्तर : तुळशीबागेत बॅगा घेऊन शिरू नका, एवढं माझं ऐकाच. पुणे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिकीट दाखवावं लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप हवंच, नाहीतर घेत नाहीत. दागिने, रोकड, औषधं मात्र जवळच ठेवा. पावती जपा, पावतीचा मोबाइलवर फोटो काढा.

गाडीत खालच्या बर्थखाली साखळी अडकवायला कड्या असतात. साखळी घरूनच न्या. पण तेवढ्यावर विसंबू नका. एकदा मनमाडच्या सुमारास मला जाग आली. साखळी जागेवर, कुलूप जागेवर, आणि बॅगेची चेन ब्लेडने वीतभर चिरलेली! आतला शेव-चिवडा गेला, कपड्यांना कोणी हात लावला नव्हता. (चिवडा सौ.चा होता, चोराचं तरी काय चुकलं?) तेव्हापासून बॅगेची चेन मी भिंतीकडे वळवून ठेवतो.

काही गेलंच, तर लगेच १३९ वर फोन करा. तक्रार चालत्या गाडीतही टीसीकडे देता येते, उतरायची वाट पाहू नका. बुक न केलेलं सामान गेलं, तर कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय रेल्वे भरपाई देत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यातच तसं आहे.

आणि हो, स्लीपरला माणशी ४० किलोच फुकट. तुळशीबागेतली खरेदी त्यातच धरा.