वाचकांचे प्रश्न : एका ओळीत चाकं, तरी विमान उभं कसं?

प्रश्न (सांगली) : अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाला पंखांखाली चाकंच नसतात म्हणे. मग ते उडेपर्यंत कलंडत कसं नाही?

उत्तर : चाकं आहेत, पण सायकलसारखी एकामागे एक. पोटाखाली पुढे मुख्य चाकांची जोडी आणि शेपटाखाली भरीव रबराची दोन छोटी चाकं, बस्स. हे सगळं वजन वाचवण्यासाठी. एक पौंड वजन वाढलं की गाठता येणारी उंची फूटभर घटते, असा हे विमान बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीच्या अभियंत्यांचा हिशेब होता. विमानाचे रचनाकार केली जॉन्सन यांच्या पहिल्या आराखड्यात तर चाकं नव्हतीच. ढकलगाडीवरून उडायचं आणि पोटावर घसरत उतरायचं, असा बेत होता. १९५५ साली उडालेल्या विमानाला चाकं मिळाली, तीही अशी की सात टनांच्या विमानाचा हा सगळा संच जेमतेम ९४ किलोंचा.

उडेपर्यंत तोल सांभाळतात ते ‘पोगो’. दोन्ही पंखांखाली, साधारण मध्यावर, पोलादी पट्टीचा एकेक लवचीक पाय आणि त्याला लहान चाकं. हा पाय पंखातल्या खाचेत नुसता बसवलेला असतो आणि एका पिनेने अडकवलेला. विमान धावपट्टीवर येऊन उभं राहिलं की कर्मचारी पिना काढून घेतात. त्यानंतर पोगो टिकून राहतो तो फक्त इंधनाने भरलेल्या पंखाच्या भारामुळे. वेग आला, पंख उचलले गेले की तो आपसूक गळून पडतो आणि मागून कोणीतरी जाऊन उचलून आणतं.

गळून पडला नाही तर मात्र कठीण. १५ मे १९५६ रोजी अमेरिकेच्या नेवाडातल्या ग्रूम लेक या चाचणी तळावर विल्बर्न रोज या वैमानिकाचे पोगो अडकले. धावपट्टीवरून खालून जात त्यांनी डावा झटकून पाडला. उजवा पाडण्यासाठी वळताना विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, कोसळलं आणि रोज यांचा मृत्यू झाला. टाक्या भरलेल्या, उंची कमी, वेगही कमी : अशा वेळी वळण घेणं म्हणजे सावरायला वावच न ठेवणं.

प्रश्न (नाशिक) : उतरताना पोगो नसतात, मग पंख आपटत नाहीत का? आणि मागे मोटार का पळवतात?

उत्तर : तयारी आकाशातच सुरू होते. एका पंखात इंधन जास्त असेल तर तो पंख आधी खाली पडणार. म्हणून वैमानिक पुरेशा उंचीवर वेग जवळजवळ स्टॉलपर्यंत उतरवतो, कोणता पंख जड आहे ते बघतो आणि पंपाने इंधन दुसरीकडे वळवतो. हे टाळलं तर पुढचं सगळं बिघडतं.

दुसरी अडचण उसळण्याची. मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे आहेत. ती आधी टेकली तर शेपूट खाली जातं, नाक वर येतं, पंखांना पुन्हा उचल मिळते आणि विमान परत हवेत. तिथे वेग संपला की धाडकन खाली. ४ ऑगस्ट १९५५ च्या उड्डाणात चाचणी वैमानिक टोनी लेव्हिअर यांना जॉन्सन यांनी मुख्य चाकं आधी टेकवायला सांगितलं होतं. लेव्हिअर यांना ते पटलं नव्हतं, आणि विमान खरोखरच प्रत्येक वेळी उसळलं. शेवटी त्यांनी शेपूट खाली ठेवून उतरवलं. आजही शेपटाची चाकं आधी किंवा दोन्ही एकदम टेकवतात.

त्यासाठी विमान जमिनीपासून साधारण दोन फुटांवर स्टॉल करावं लागतं. अंगावर प्रेशर सूट (उंचीवरच्या विरळ हवेत शरीराभोवती दाब राखणारा पोशाख), गोल हेल्मेट आणि समोर लांब नाक. वैमानिकाला ते दोन फूट दिसणार कसे? म्हणून यू-२ चाच दुसरा वैमानिक वेगवान मोटार घेऊन, ताशी दीडशे किलोमीटरच्याही पुढे, मागे धावतो आणि रेडिओवरून उंची सांगत राहतो : दहा, पाच, तीन, दोन. टेकल्यावरही काम संपत नाही. विमान थांबत येईपर्यंत एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) वापरून पंख समतोल ठेवायचे. वेग गेला की एक पंख झुकतो आणि टोकाखालच्या टायटॅनियमच्या घसरपट्टीवर टेकतो. मग कर्मचारी वरच्या पंखावर भार देऊन खालचा उचलतात आणि पोगो पुन्हा बसवतात. शेपटाची चाकं थोडीच वळतात, त्यामुळे जमिनीवर वळायला ऐसपैस जागा लागते.

प्रश्न (पणजी) : दाबोळीच्या सी हॅरिअरलाही पंखाखाली छोटी चाकं होती. तेही पोगोच का?

उत्तर : नाही. भारतीय नौदलात २०१६ पर्यंत असलेल्या या विमानाची मुख्य चाकंही पोटाखाली एका ओळीत होती, पण पंखांच्या टोकांजवळचे पाय कायमचे जोडलेले आणि मागे दुमडणारे. कारणही वेगळं : इंजिनाच्या चार फिरत्या नळ्या बाजूंनी झोत सोडतात, तिथे चाकांचे पाय ठेवायला जागा नव्हती.

प्रश्न (सोलापूर) : अमेरिकेच्या एसआर-७१ या टेहळणी विमानालाही सायकलसारखीच चाकं होती का?

उत्तर : नाही, तिथे नेहमीची तीन पायांची रचना होती. पंचाईत होती ती प्रचंड वेगामुळे होणाऱ्या उष्णतेची. म्हणून टायरच्या रबरात ॲल्युमिनियमची पूड मिसळत, आत नायट्रोजन भरत. मागच्या प्रत्येक पायाला तीन टायर असत.