वाचकांचे प्रश्न : जिमखान्याचा पैसा कुणाचा?

महाविद्यालयीन खेळांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत. मी स्वतः गोव्यातील एका अनुदानित महाविद्यालयात अनेक वर्षे शारीरिक शिक्षण संचालक होतो, त्यामुळे काही ठिकाणी स्वतःचा अनुभवही सांगितला आहे.

प्रश्न : आमचे महाविद्यालय लहान आणि अनुदानित आहे. प्रवेशाच्या पावतीत दरवर्षी जिमखाना शुल्क असते. यंदा आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेसाठी आम्ही सात जण बांबोळीच्या स्टेडियमवर गेलो, तेव्हा कदंब बसचे तिकीट ज्याने त्याने काढले. आमच्यातील एका मुलीने मैत्रिणीचे स्पाइक्स (धावण्याचे खिळ्यांचे बूट) मागून घेतले आणि ते सैल होत होते म्हणून आत कापूस भरून ती ४०० मीटर धावली. आम्ही भरलेल्या शुल्काचे काय होते, हे आम्हाला विचारता येते का? (तृतीय वर्ष कला शाखेचा विद्यार्थी)

उत्तर : विचारता येते, आणि विचारलेच पाहिजे. पण त्याआधी महाविद्यालयातल्या खेळाला पैसा कुठून येतो हे नीट समजून घ्या, म्हणजे प्रश्न योग्य माणसाला विचारला जाईल.

अनुदानित महाविद्यालयाला उच्च शिक्षण संचालनालयाकडून जे अनुदान मिळते, ते मुख्यतः वेतनाचे असते. शारीरिक शिक्षण संचालकाचा पगार त्यातून निघतो. या पदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पदव्युत्तर पदवीबरोबर शारीरिक क्षमतेची चाचणीही ठेवलेली आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला बारा मिनिटांत १८०० मीटर अंतर कापावे लागते. पगाराची आणि पात्रतेची बाजू अशी पक्की असली, तरी खेळाडूंच्या बुटांची, प्रवासाची आणि खाण्याची सोय त्या अनुदानात नसते. पूर्वी पंचवार्षिक योजनांतून अनुदान आयोग महाविद्यालयांना क्रीडासाहित्य आणि सुविधांसाठी वेगळे अनुदान देत असे. बारावी योजना ३१ मार्च २०१७ रोजी संपली, त्याबरोबर पंचवार्षिक योजनांची पद्धतच थांबली, आणि लहान महाविद्यालयांचा तो एक आधार गेला. त्यानंतर रोजच्या खर्चासाठी उरते ते तुमचे जिमखाना शुल्क.

आता एक हिशेब मांडून पाहा. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. चारशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाने प्रत्येकी तीनशे रुपये घेतले, तर वर्षाला एक लाख वीस हजार रुपये जमतात. दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाकडे त्याच दराने सहा लाख येतात. परंतु फुटबॉलचा संघ दोन्हीकडे अकराच खेळाडूंचा असतो, राखीव खेळाडू तेवढेच लागतात, बसचे भाडे तेच असते, आणि भाला किंवा थाळी विकणारा दुकानदार महाविद्यालयाचा पट विचारून किंमत सांगत नाही. उत्पन्न डोईवर मोजायचे आणि खर्च संघावर करायचा, ही लहान महाविद्यालयाची खरी अडचण आहे. त्यामुळे तुमच्या महाविद्यालयाने पैसे दिले नाहीत, यामागे दरवेळी बेपर्वाईच असेल असे नाही. मात्र पैसे अपुरे आहेत म्हणून हिशेब देणे टळत नाही. उलट पैसा कमी असतो तिथे कोणत्या खेळावर किती खर्च करायचा, हे खेळाडूंसमोरच ठरायला हवे.

इथे माझीच एक चूक सांगतो. एका वर्षी आमच्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे बिल जिमखान्याच्या रकमेतून भागवले गेले, आणि मला ते मार्च महिन्यात खतावणी चाळताना कळले. त्या खर्चावर माझी सही नव्हती, पण त्याआधीचे आठ महिने मी शिल्लक किती आहे हे एकदाही विचारले नव्हते. त्या वर्षी आमचा खो-खोचा संघ दोन वर्षांपूर्वीच्या गणवेशात खेळला. काहींच्या पाठीवरचे क्रमांक उसवले होते आणि मुलींनी ते सामन्याच्या सकाळी टाचण्या लावून बसवले.

तेव्हा प्रथम शारीरिक शिक्षण संचालकांना भेटा आणि जिमखाना समितीची बैठक कधी झाली, तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधी होता का, हे विचारा. मग प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. एवढ्याने उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे. शासनाकडून मोठ्या प्रमाणावर निधी मिळणारी खाजगी महाविद्यालयेही या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिलेला आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये असते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात ‘आमच्यावर अन्याय का केला’ असे लिहू नका. या कायद्याने कागद मिळतात, कारणमीमांसा मिळत नाही. गेल्या तीन वर्षांत जमा झालेले जिमखाना शुल्क, त्यातून झालेला खेळनिहाय खर्च, समितीच्या बैठकांचे इतिवृत्त आणि डेडस्टॉक रजिस्टरच्या, म्हणजे टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीच्या प्रती, एवढे मागा. डेडस्टॉक रजिस्टर आवर्जून पाहा. घेतलेले साहित्य आणि कपाटात असलेले साहित्य यांचा मेळ तिथेच लागतो.

प्रश्न : माझी मुलगी लांब पल्ल्याची धावपटू असून बारावीत आहे. अमेरिकेतील एका लहान महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाचे पत्र आले आहे. तिला संघात घेण्याची इच्छा ते दाखवतात, पण खेळाची शिष्यवृत्ती देता येत नाही असेही म्हणतात. हा फसवणुकीचा प्रकार तर नाही? (एक पालक, फोंडा)

उत्तर : शिष्यवृत्ती देता येत नाही, हे त्या प्रशिक्षकाने पहिल्याच पत्रात सांगितले असेल तर तो नियम पाळणारा माणूस दिसतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी मुख्य संस्था एनसीएए ही १९०६ मध्ये स्थापन झाली, आणि १९७३ मध्ये तिने सदस्य महाविद्यालयांचे तीन विभाग पाडले. दूरचित्रवाणीवर दिसणारी, लाखभर प्रेक्षकांची मैदाने असलेली विद्यापीठे पहिल्या विभागात येतात. तिसऱ्या विभागात चारशेहून अधिक महाविद्यालये आहेत, त्यांतील बहुतेक लहान आणि खाजगी आहेत, आणि तिथे खेळाच्या गुणवत्तेवर एक डॉलरही देण्यास बंदी आहे. आर्थिक गरज किंवा अभ्यासातील गुणवत्ता पाहून मदत देता येते, पण ती खेळाडूला आणि न खेळणाऱ्याला एकाच मापाने द्यावी लागते, आणि तशी दिल्याचा तपशील महाविद्यालयाला दरवर्षी कळवावा लागतो.

लहान महाविद्यालयांचा विचार तिथल्या नियमांत पटसंख्येनुसार केलेला आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एक हजारापर्यंत विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयाला मुलांचे पाच आणि मुलींचे पाच खेळ चालवावे लागतात; त्याहून मोठ्याला सहा-सहा. एनसीएएच्या उत्पन्नातून या संपूर्ण विभागासाठी राखलेला वाटा ३.१८ टक्के आहे आणि तो बराचसा राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांवर खर्च होतो. म्हणजे महाविद्यालयाला रोजचा संघ स्वतःच्या पैशावर चालवावा लागतो, आणि तो पैसा प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या शुल्काचा असतो. पहिल्या विभागातील विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याचा मार्ग जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीने मोकळा झाला, त्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. पण तुमच्या मुलीला आलेल्या पत्राशी त्याचा काही संबंध नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. अशा महाविद्यालयात तीस धावपटू आले, म्हणजे शुल्क भरणारे तीस विद्यार्थी आले. म्हणून प्रशिक्षकाचे पत्र हे अंशतः प्रवेश विभागाचेही पत्र असते. त्यात लबाडी नाही, पण त्या पत्राने हुरळून घर गहाण ठेवू नये. सर्व मदत वजा जाता चारही वर्षांत किती भरावे लागेल, हे महाविद्यालयाच्या आर्थिक मदत कार्यालयाकडून लेखी घ्या. प्रशिक्षकाचा तोंडी अंदाज धरून चालू नका. दुखापत झाली आणि तिने संघ सोडला तर मदत कायम राहते का, तेही विचारा. तिसऱ्या विभागात मदत कायम राहायला हवी, कारण ती खेळासाठी दिलेलीच नसते. मध्ये कोणी दलाल येऊन ‘जागा पक्की करतो’ म्हणून पैसे मागू लागला, तर त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवा. खेळाची शिष्यवृत्तीच हवी असेल, तर लहान महाविद्यालयांची एनएआयए ही दुसरी संघटना आहे. बास्केटबॉल हा खेळ शोधून काढणाऱ्या जेम्स नायस्मिथ यांच्या सहभागाने १९३७ मध्ये कॅन्सस सिटीत भरलेल्या स्पर्धेतून ती उभी राहिली. तिथे खेळावर शिष्यवृत्ती देता येते, मात्र ती पूर्ण खर्चाची असेल असे गृहीत धरू नका.

प्रश्न : मी पेडणे तालुक्यात पूर्णवेळ नोकरी करतो आणि दूरशिक्षणाने पदवीचा अभ्यास करतो. मला आंतरविद्यापीठ कबड्डी स्पर्धेत खेळता येईल का? (एक वाचक)

उत्तर : येणार नाही. भारतीय विद्यापीठ महासंघाच्या स्पर्धा नियमित, पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठीच असतात आणि त्यांना वयाची मर्यादाही असते. गोवा विद्यापीठ पश्चिम विभागात खेळते. तिथे अपात्र खेळाडू उतरवला तर नुकसान साऱ्या संघाचे होते. आपण क्लबकडून किंवा तालुका संघाकडून खेळावे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाला जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एक कंपनी खेळांसाठी मदत देऊ इच्छिते. स्वीकारताना काय काळजी घ्यावी? शिवाय, शासनाकडे मदत मागायची झाली तर कोणत्या खात्याकडे जावे? (व्यवस्थापन समितीचे एक सदस्य, दक्षिण गोवा)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात अनेकांचे वर्षानुवर्षे हेलपाटे झालेले आहेत. राज्यघटनेत क्रीडा हा विषय राज्यसूचीत आहे आणि शिक्षण समवर्ती सूचीत. महाविद्यालयातला खेळ या दोहोंच्या सीमेवर पडतो. पर्वरीला उच्च शिक्षण संचालनालयात गेलात तर ‘हा खेळाचा विषय आहे’ असे ऐकायला मिळू शकते, आणि पणजीला क्रीडा व युवा व्यवहार संचालनालयात ‘हा महाविद्यालयाचा विषय आहे’ असे. म्हणून अर्जाचे दोन भाग करा. महाविद्यालयाच्या आवारातील कायम स्वरूपाच्या सुविधा, म्हणजे मैदान, कपडे बदलण्याची खोली, स्वच्छतागृह, यांचा अर्ज शिक्षण खात्याकडे द्या. प्रशिक्षक, शिबिरे आणि स्पर्धांचा क्रीडा खात्याकडे. एकाची प्रत दुसऱ्याला द्यायला विसरू नका.

कंपनीविषयी. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांच्या प्रशिक्षणाला कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) खर्चात स्थान आहे. त्यातला ‘प्रशिक्षण’ हा शब्द पकडून ठेवा. कंपनीला नाव लावलेले प्रवेशद्वार किंवा चषकांचे कपाट द्यायला आवडते. आपण प्रशिक्षकाचे मानधन मागावे. कंपनी हा निधी आपले महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेमार्फत खर्च करणार असेल, तर त्या संस्थेची त्यासाठीची नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक झालेली आहे. ती सीएसआर-१ अर्जाने होते.

रक्कम धनादेशाने थेट जिमखान्याच्या खात्यात यावी आणि तिची नोंद विद्यार्थ्यांच्या शुल्कापासून वेगळी ठेवावी. खेळाडूंची निवड निवड समितीच करील, असे करारात स्पष्ट लिहा; कंपनीच्या अधिकाऱ्याचा मुलगा आपल्याच महाविद्यालयात असेल तर हे वाक्य आधी लिहिलेले असणे सर्वांच्याच हिताचे ठरते. मुलींच्या संघासाठी किती टक्के रक्कम, हेही तिथेच ठरवा, नाहीतर ती फुटबॉल आणि क्रिकेटमध्येच संपते, असा माझा अनुभव आहे. आणि मदत एकाच वर्षाची असेल तर तिच्यावर नवा संघ उभा करू नका. आहे त्या संघांना बूट आणि बसभाडे द्या. नवा संघ काढायचाच असेल तर कंपनीकडून तीन वर्षांची लेखी हमी घ्या आणि शेजारच्या तालुक्यातील एखाद्या लहान महाविद्यालयाला सोबत घेऊन दोघांत मिळून एक प्रशिक्षक नेमा. सोमवार ते बुधवार एका मैदानावर, गुरुवार ते शनिवार दुसऱ्या.